लायब्ररी आली, शांतता राखा

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. भुताखेतांची पुस्तकं कुठल्या कपाटात ठेवायची एवढाच माझा त्या विषयाशी संबंध. इथे लोक लिहितात ते अनुभव मी वाचते, पण वाचताना मनात म्हणते – यात कुणाची तरी खोडी असणार, किंवा कुणी तरी अर्धवट झोपेत असणार. माझ्याबाबतीत घडलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. मी चांगली जागी होते. आणि खोडी कुणाची, हे मी अजून शोधते आहे.

आमचं घर जळगावात, एका साध्या कॉलनीत. यजमान ठिबक सिंचनाच्या कारखान्यात होते. यंत्रांचं भारी वेड. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दाराच्या चौकटीवर कॅमेऱ्याची बेल बसवली, आणि हॉलमधल्या शेल्फवर तिची पांढरी डबी. बेल चेहरा ओळखायची आणि डबी सांगायची, कोण आलं ते. कंपनीचा तो यांत्रिक आवाज यांना आवडेना, म्हणून प्रत्येक चेहऱ्यासाठी स्वतःच्या आवाजात एकेक वाक्य भरलं. दूधवाल्यासाठी "पातेलं आणा". असोद्याला राहणाऱ्या धाकट्या दिरांसाठी, म्हणजे नानांसाठी, "असोद्याचे नाना आले, पिशवीत केळी आहेत का बघा". आणि माझ्यासाठी – "लायब्ररी आली, शांतता राखा."

मला ते अजिबात आवडायचं नाही. पाहुण्यांसमोर तर नाहीच. नाना मात्र दर वेळी नव्यानं हसायचे.

मागच्या पावसाळ्यात हे गेले. कामावरच, हृदयविकारानं. त्या सकाळची बेलच्या कॅमेऱ्यातली क्लिप त्यांच्या मोबाईलवर, बेलच्या ॲपमध्ये दिसायची... डबा घेऊन निघतात, चष्मा विसरला म्हणून परत येतात, जाताना कॅमेऱ्यात बघून केस सारखे करतात. एकोणीस सेकंद. रोज दुपारी मी ती बघत असे.

हिवाळ्यात त्याच मोबाईलवर कंपनीचा इंग्रजी मेल आला. आमची सेवा बंद होत आहे, अमुक तारखेच्या आत खालच्या लिंकवरून आपल्या क्लिप उतरवून घ्या. आता, अनोळखी लिंकवर बोट ठेवू नका अशी सूचना आमच्या ग्रंथालयाच्या फळ्यावर मी स्वतः लिहिली होती. मला वाटलं, फसवणूक. मेल मी पुसून टाकला. दुसरा आला, तोही पुसला. मग एका दुपारी ॲप उघडलं तर त्यात काहीच नव्हतं. मेल खरा होता.

एवढी शहाणी बाई, आणि नवऱ्याचे शेवटचे एकोणीस सेकंद स्वतःच्या हातानं घालवले. हे मी कुणालाच सांगितलं नाही. फक्त नानांना सांगितलं.

त्यानंतर मी नेटचं कनेक्शन काढून टाकलं. बेल चार्ज करणं हे यांचं काम होतं, ते गेल्यावर कुणी केलंच नाही, त्यामुळे ती बंद. डबी तेवढी प्लगला राहिली होती, आळस म्हणून. तिचा दिवा सेवा बंद झाल्या दिवसापासून नारिंगी.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. हे गेल्यावरची पहिली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांची घागर भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात. त्याआधी उंबरठा धुऊन एकेका पितराचं नाव घेत त्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवतात. नाना आणि जाऊ सुमन सकाळीच असोद्याहून आले. सुमन आत आंब्याचा रस काढत होती. नानांनी वडिलांचं, आजोबांचं, आईचं नाव घेतलं, बोटं उमटवली. मग कुंकवाची वाटी माझ्यापुढे केली.

"हे तुमी लावा, वहिनी."

विधवेच्या हातात कुंकू देणारा माणूस आहे हा, हे लक्षात ठेवा. पुढचं वाचताना लागेल.

मी उंबरठ्याबाहेर गेले, दाराकडे तोंड करून वाकले. एकतीस वर्षांत यांचं नाव मी फक्त फॉर्मवर लिहिलं होतं. बोट टेकवलं आणि मोठ्यानं नाव घेतलं.

शेल्फवरून यांचा आवाज आला.

"लायब्ररी आली, शांतता राखा."

स्वच्छ. खरखर नाही, काही नाही. आतून सुमन रसाचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "कोन आलं?" म्हणजे भास माझ्या एकटीचा नव्हता.

आणि मी काय केलं? मी नानांकडे हात पुढे करून म्हटलं, "मोबाईल द्या."

कारण ते वाक्य माहीत असणारा, त्यावर हसणारा आणि माझी हळहळ ठाऊक असणारा माणूस तिथे एकच होता. वाटलं, मला बरं वाटावं म्हणून नानांनी कधी तरी रेकॉर्ड करून ठेवलं असेल, आता वाजवलं. नानांनी मोबाईल दिला. मी तो सगळा तपासला. सणाच्या दिवशी, घागरीसमोर बसून, दिराचा मोबाईल. त्यात केळीच्या घडांचे फोटो होते आणि नातवाचे. आवाज नव्हता. मग सुमनचाही बघितला.

नाना रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "वहिनी, माह्याजवळ भाऊचा आवाज असता, तं मी रोज नसतो ऐकला का?"

त्या दिवशी ते जेवले, पण रस घेतला नाही.

दोन दिवसांनी मी डबी आणि बेल दुरुस्तीच्या दुकानात नेली. त्या माणसानं दोन्ही उघडून दाखवलं. बेलमध्ये चार्जिंग शून्य. डबीत नुसता स्पीकर, आवाज साठवायला जागाच नाही, ते सगळं कंपनीकडे असायचं. मी म्हटलं, पण ती बोलली. तो म्हणाला, मॅडम, कंपनीच बंद आहे तर बोलेल कोण? मला त्याचाही संशय आला. घरी येऊन शेजारच्यांच्या नेटचा संशय घेतला, त्यांना विचारून आले. बेल आणि डबी होती तिथे लावून कॅमेऱ्यासमोर पुन्हा वाकून बघितलं, नाव घेऊन बघितलं. आता त्या नावाची जिभेला सवय झाली आहे. डबी पुन्हा बोलली नाही.

तर अशी हकीकत. खुलासा माझ्याकडे नाही. कुणाला या यंत्रांतलं कळत असेल तर जरूर सांगावं, मी ऐकून घेईन, विश्वास ठेवीनच असं नाही.

नानांची माफी मी मागितली. ते म्हणाले, जाऊ द्या. रविवारी ते येतात, पिशवीत केळी असतात. दार उघडंच असलं तरी हल्ली थेट आत येत नाहीत. बंद बेलसमोर उभे राहतात, टोपी काढतात, चेहरा नीट दिसेल असा वर करतात आणि थोडा वेळ थांबतात. मी आतून बघते. त्यांना लगेच 'या' म्हणत नाही.