तिसरी कडी

भूकंपानंतर आबांनी घरामागच्या शेतात पत्र्याची खोली घातली आणि दगडी घरात पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणाले. आई म्हणाली, पत्र्याखाली शिजून मरायला मी येणार नाही. दोघंही हट्टाला पेटलेले, त्यामुळे अबोला सुरू झाला आणि मधे मी.

"बापाला सांग, भाकर झाली."

"आईला म्हणावं, भूक न्हाई."

समोरासमोर उभे असले तरी निरोप माझ्याच तोंडून जायचा. आईचा सांगितला की आबा माझ्यावर डाफरायचे, आबांचा सांगितला की आई.

मग मला लातूरला शिकवणीला पाठवलं. खोलीत चार मुली आणि चौघींची तोंडं पुस्तकात. मला रडू यायचं ते काळजीनं. माझ्यावाचून ही दोघं उपाशी राहतील, असं मला खरंच वाटायचं.

पुढे नांदेडला संशोधन करताना माझा विषय होता प्रकाशाच्या कड्या. केसाहून बारीक कडीत प्रकाश गोल फिरत राहतो, थोडा शेजारच्या कडीत झिरपतो, थोडा बाहेर जिरून जातो. माझ्या कड्यांची जोडणी अशी होती, की शेजारणीच्या उलट तालात राहिलं तरच गळती कमी. दोघीच असल्या की जमतं. तिसरी आणून त्रिकोण केला की पंचाईत. ती एकीच्या उलट झाली की दुसरीच्या सुलट होते. कुणाचंच मनासारखं होत नाही आणि प्रकाश जिरत राहतो. इंग्रजीत याला जे नाव आहे, त्याचा साधा अर्थ चडफड. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा प्रयोगशाळेत मी एकटीच हसले. का, ते सांगावं असं तिथं कुणी नव्हतं.

मला आठवली होती लातूरहून घरी आले ती पहिली दिवाळी. एसटीतून उतरून बोळातून चालत आले, तर मागच्या दारी बोलणं ऐकू आलं.

"तुरीला फुलं लागली का?" आई विचारत होती.

"हाव, लई," आबा म्हणाले.

मधे कुणीच नव्हतं. मला इतका आनंद झाला, की पिशवी तिथंच टाकून धावले.

मला पाहून दोघं गप्प झाले. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. आबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांच्याकडे न बघता ती मला म्हणाली, "बापाला सांग, पोरगी आली."

मी सांगितलं.