एकवीस जण आत

माझे वडील, लक्ष्मण आप्पा, चौतीस वर्षं बोटीवर होते. सतराव्या वर्षी हर्णैहून डेक घासायला गेले आणि बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, होऊन निवृत्त झाले. आई गेल्यावर मी त्यांना टोकियोत, हिगाशी-कसाईला, माझ्याकडे आणलं. मंगळवारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा आणि शुक्रवारी कुठला, हे आता त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. डाव्या पायाने जरा लंगडतात. त्यांची कारकीर्द एवढीच, चार ओळींत मावते.

ब्रिगेडियरची मात्र दोन पानं होती. ब्रिटिश मरीन दलातून निवृत्त झालेला हा माणूस टोकियोतल्या एका विमा कंपनीत समुद्री चाच्यांवर व्याख्यान देणार होता आणि त्याच्या परिचयाचं जपानी भाषांतर माझ्याकडे आलं होतं. पदकं, बढत्या, कुठल्या साली कुठली तुकडी. दुसऱ्या पानावर, चाच्यांच्या हल्ल्यातून सोडवलेल्या जहाजांत, आप्पांच्या जहाजाचं नाव दिसलं. 'घाबरून लपून बसलेल्या खलाशांना शोधून त्यांनी सुखरूप बाहेर काढले.' त्याच कामगिरीवर पुढची बढती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा!

घरी मी आप्पांना ते वाचून दाखवलं. जन्मात आवाज न चढवलेला माणूस भरल्या ताटावरून उठला.

"लपलो? आम्ही? अगं, एक जरी माणूस बाहेर चाच्यांच्या हाती राहिला असता ना, तर हे मरीन चढलेच नसते बोटीवर! स्वयंपाकी मागे राहिला होता, त्याला ओढून आणताना पायात गोळी खाल्ली मी. तळाच्या पोलादी खोलीचं दार आतून लावलं, अंधारात एकेकाचं डोकं चाचपून मोजलं. रेडिओवर यानेच विचारलं, सगळे आत? मीच सांगितलं, ट्वेंटी वन सर, ऑल इनसाइड. थँक यू बोसन म्हणाला मला!"

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी ऑफिसात कुसुनोकी-सानना सांगितलं आणि ते वाक्य बदलू का, असं विचारलं. ते माझे वरिष्ठ. त्यांनी दातांतून हवा आत ओढली. इथे त्याचा अर्थ 'नाही' असाच असतो. "स्वप्ना-सान, दुभाष्याने एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही." मी तपासणीच्या चौकटीत, इथे सहीऐवजी मारतात तो, माझ्या नावाचा लाल शिक्का मारला. बापाला भित्रा म्हणणाऱ्या कागदावर! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटत होती.

व्याख्यानाला आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले. दुभाषी मीच होते. कुणाला प्रश्न आहे का, असं विचारलं की इथे सगळे आपापल्या बुटांकडे बघतात. आप्पांनी हात वर केला.

"साहेब, सगळे आत आहेत हे तुम्हाला रेडिओवर कुणी सांगितलं?" त्यांनी मराठीत विचारलं.

मी आधी इंग्रजीत सांगितलं, मग जपानीत. ब्रिगेडियर हसून म्हणाला, कॅप्टनने असावं.

"नाही. मी सांगितलं. एकवीस माणसं मोजून दार मी लावलं, म्हणून तुम्ही चढलात. आम्ही लपलो नव्हतो."

कुसुनोकी-सान कोपऱ्यातून नको नको अशी मान हलवत होते. मी एक शब्द गाळला नाही.

ब्रिगेडियरचं हसू मावळलं. "फार जुनी गोष्ट आहे," तो म्हणाला, "आता आठवत नाही." तेही मी आप्पांना सांगितलं.

"बढतीची तारीख बरी आठवली!" आप्पा म्हणाले.

मी ते इंग्रजीत सांगितलं, मग जपानीत, आणि या वेळी माईक तोंडाजवळ ओढून.