उन्हात धरलेला हात

"हात खाली येऊ देऊ नको रे त्याचा," मालक म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

ते ओट्यावर सावलीत बसले होते. समोरच्या मोकळ्या जागेत, उन्हात, माझे वडील उभे. डावा हात कमरेवर. उजवा हात सरळ पुढे, खांद्याच्या रेषेत. त्या हातात कोळशाची लोखंडी इस्त्री. हात जरा खचला की मालकांचा गडी काठीचं टोक कोपराखाली लावायचा आणि वर ढकलायचा.

"कावून थरथरतोय बे?" मालकांनी विचारलं. "विलायतेत गोऱ्या मडमा बघणार हायेत तुला. तिथं बी असंच करणार का?"

लोक हसले. दूर आम्ही वस्तीतली माणसं उभी होतो, त्यातलीही दोघं-तिघं हसली. न हसून कसं चालेल. मी आईचं लुगडं धरून उभी होते. आईनं माझे डोळे झाकले नाहीत. मला पुढे पुष्कळ वर्षं वाटत राहिलं की तिनं झाकायला हवे होते. आता वाटतं, बरं झालं.

मुलांनो, तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, होकार द्यायला तुला अडचण काय आहे?" गावात शाळेच्या मागे नेमबाजीचं मैदान होतंय. त्याला माझ्या वडिलांचं, म्हणजे तुमच्या पणजोबांचं नाव देणार आहेत. निजामाच्या फौजेतला शिपाई, पिस्तुलाच्या नेमबाजीसाठी ऑलिंपिकला गेलेला. मी व्यासपीठावर बसावं, दोन शब्द बोलावेत, एवढंच त्यांचं म्हणणं. हे मैदान मालकांचे नातू करतायत. तोवर मी हो म्हटलेलं नव्हतं. का, ते तुमच्या आईलाही कधी सांगितलं नाही. फोनवर सांगवलं नाही. म्हणून लिहिते आहे. क्रमानं सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही.

आमचं गाव बीडहून पालीच्या वाटेनं पुढे गेलं की डोंगराच्या पायथ्याशी. वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या खालच्या अंगाला. विहिरीचं पाणी आम्हाला कुणीतरी वरून ओतायचं, ओतणारा येईपर्यंत बसून राहायचं. वडिलांना मी दादा म्हणायचे. दादा तरुणपणी हैदराबादेला गेले, फौजेच्या घोड्यांच्या पागेत लागले आणि पुढे शिपाई झाले. फौजेत चांदमारी म्हणजे निशाणावर गोळ्या झाडायचा सराव. तिथं दादांचा नेम एका गोऱ्या साहेबाच्या नजरेत भरला. पिस्तुल हे अफसरांचं हत्यार, शिपायाच्या हातात बंदूक. तरी त्या साहेबानं दादांच्या हाती पिस्तुल दिलं. दादा छावणीत जिंकले, मग छावण्या-छावण्यांमध्ये जिंकले, आणि हिंदुस्थानच्या तुकडीत त्यांचं नाव लागलं.

जायच्या आधी ते रजेवर घरी आले. पिस्तुल घरी आणायची परवानगी नव्हती. या खेळात गोळी झाडायला क्षण लागतो, बाकी सगळा वेळ हात धरून ठेवण्यात जातो. म्हणून दादांनी छावणीतल्या धोब्याकडून एक मोडकी इस्त्री आणली होती. रोज सकाळी घराच्या भिंतीवर कोळशाचा ठिपका काढायचे, मागे चालत जायचे आणि इस्त्री धरून ठिपक्याकडे बघत उभे राहायचे. श्वास अर्धा सोडून थांबवायचा. डावा हात कमरेवर. साहेबानं तसंच शिकवलं होतं, त्यानं अंग डुलत नाही.

इथं तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. कमरेवर हात ठेवलेला आमचा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. वाटेनं मालकांचं घोडं आलं की पायातलं काढून हातात घ्यायचं आणि वाकायचं. लहान पोरीनं खेळताना कमरेवर हात ठेवला तरी आई चापट मारायची. "मालकीण झालीस का?" म्हणायची.

मालक त्या सकाळी आमच्या वस्तीवरून बागेकडे चालले होते. दादांचं लक्ष ठिपक्यावर. गडी ओरडला, "हात खाली घे बे!" दादांनी धरलेला श्वास पुरा केला आणि मग हात खाली घेतला. तेवढाच उशीर. मग ते वळले, वाकले, जोहार केला. घोडं पुढे गेलं.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. सोबत इस्त्री आणायला सांगितलं होतं.

मालक चिडलेले नव्हते. मजेत होते. "सरकारनं तुला जे शिकवलंय ते आमाला बी दाखव की," म्हणाले. "कमरेवर हात ठेव. ठेव, ठेव, आज आमीच सांगतोय." दादांनी ठेवला. तेव्हापासून ऊन डोक्यावर येईपर्यंत ते तसेच उभे होते. मालकांची न्याहारी झाली, पान झालं. बांधाच्या भांडणासाठी दोन कुणबी आले होते, त्यांचं ऐकून घेणं झालं. मध्येच मालक इकडे बघायचे आणि गड्याला हनुवटीनं खुणवायचे. गडी काठी लावायचा.

शेवटी इस्त्री खाली पडली. दादा पडले नाहीत.

"बस," मालक म्हणाले. "जा आता. विलायतेत गावाचं नाव काढ."

निघण्याआधी जोहार करायचा होता. उजवा हात उठेना. दादांनी डाव्या हातानं केला. "डाव्या हातानं?" मालकांनी विचारलं. तेव्हा दादांनी डाव्या हातानं उजवा मनगटात धरला, उचलला आणि कपाळाला लावला. मी ते पाहिलं. तो हात आपला नसल्यासारखा त्यांनी उचलला.

घरी आईनं तेल कोमट केलं. खांदा सुजून आला होता. दादा भिंतीला टेकून बसले होते, भिंतीवरच्या ठिपक्याकडे पाठ करून.

मी विचारलं, "दादा, तुमी फौजेतले. तुमी निघून कावून न्हाई आलात?"

"मी गेलो असतो निघून," ते म्हणाले. "तुमी दोघी हितं होता की."

थोड्या वेळानं म्हणाले, "ही गोष्ट कुणाला सांगायची न्हाई. छावणीत तर न्हाईच. डाक्तरला खांदा कळला की नाव कापतील. माझ्या गळ्याची शपथ घे."

मी घेतली. आईनंही घेतली. त्याच आठवड्यात दादा आम्हाला दोघींना घेऊन हैदराबादेला आले. गावातलं घर तसंच टाकलं. छावणीजवळच्या मिशनच्या शाळेत मला घातलं. तिथं मी इंग्रजी शिकले, पुढे मास्तरीण झाले. तुमच्या आईचं शिक्षण आणि तुमचं परदेश, सगळ्याची सुरुवात त्या शाळेत आहे. म्हणून कुणी मला सांगतं की बघा, त्या अपमानातून चांगलंच निघालं. ते मला सहन होत नाही. दादा आम्हाला तसंही नेणारच होते. खेळ आटोपून, धडधाकट खांद्यानं, हातात पेटी घेऊन नेणार होते.

खेळांबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले, मी नोकरीला लागल्यावर. अर्ध्या वेळापर्यंत ते पुढच्या लोकांत होते. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या देशाच्या नेमबाजानं आपली गोळी झाडायची थांबवून त्यांच्या निशाणाकडे दुर्बीण लावली होती. हे सांगताना ते हसले. मग खांदा बोलायला लागला. दोन गोळ्यांच्या मध्ये हात खाली घेऊन विसावा देता येतो. ते विसावा देत गेले, वेळ संपत गेला, आणि शेवटच्या गोळ्या घाईनं झाडाव्या लागल्या. एक तर निशाणाला लागलीच नाही.

तुकडीचे प्रमुख एका नवाबाच्या घरातले अफसर होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "इन लोगों का दम नहीं टिकता।"

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार?" दादा म्हणाले. "जी हुजूर म्हनलं."

त्यानंतर त्यांना कधी निवडलं नाही. ते नव्या रंगरूटांना नेम शिकवत राहिले, चांगला शिकवायचे म्हणतात. पेन्शन घेऊन घरी आले आणि उजव्या कुशीवर कधी झोपले नाहीत. गावात एवढंच राहिलं, की आपला एक गडी विलायतेला गेलता, पण ऐनवेळी हात थरथरला.

आता गेल्या महिन्याचं सांगते.

मालकांचे नातू आले. पन्नाशी उलटलेले, साखर कारखान्यात संचालक, शाळेच्या मंडळावर आहेत. सोबत शाळेचे हेडमास्तर होते. नातवांनी दारात चपला काढल्या. माझ्या पाया पडले. माझ्या घरचं पाणी प्यायले, पोहे खाल्ले. हे लिहायला हवं, म्हणून लिहिते आहे. माणूस वाईट नाही.

"बाई, आता तुमी न्हाई म्हणू नका," ते म्हणाले. "आपल्या डोंगरपट्ट्यात असं काही न्हाई. पोरं ऊसतोडीला जात्यात, निदान काही पोरांच्या हातात दुसरं काही येईल."

ते खरं होतं. मी मान हलवली. समारंभात काय काय सांगणार, एवढंच विचारलं.

"सगळंच सांगणार. अगदी आमच्या आजोबांपासून." ते पुढे सरकून बसले. "आजोबांनी सोता ओट्यावर बसून सराव करून घेतला म्हणे त्यांच्याकडनं. भर उन्हात उभं करायचे. हातात लोखंडाचं वजन. हात खाली आला की आमचा गडी काठीनं आधार द्यायचा. आन निघताना आजोबा म्हणाले, जा, गावाचं नाव काढ. आमच्या घरात हे लहानपणापासनं ऐकतोय आमी."

"गुरू-शिष्यच म्हणा ना," हेडमास्तर म्हणाले.

"मास्तर, हेच घ्या भाषणात," नातू म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. "तुमाला ठाऊकच असंल, बाई."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा चेहरा मी नीट पाहिला, आयुष्यभर मुलींचे चेहरे वाचलेत मी. त्यांना खरंच तसं सांगितलं गेलं होतं. आणि सगळं जिथल्या तिथं होतं. ऊन होतं, ओटा होता, लोखंड होतं, गडी होता, काठी होती. शेवटचं वाक्यही शब्दाला शब्द होतं. फक्त लोकांचं हसणं कुठंतरी गळून गेलं होतं.

मला राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो. मी "कळवते" म्हटलं आणि कपबशा उचलल्या.

त्यानंतर रोज सकाळी उठले की तोच विचार. गळ्याची शपथ. दादांनी ती घ्यायला लावली, कारण फौजेतून नाव कापलं जाईल अशी भीती होती. आता ना ती फौज राहिली, ना निजाम, ना दादा. दादा गप्प राहिले आणि आम्ही दोघी वाचलो. मी एवढी वर्षं गप्प राहून कुणाला वाचवते आहे? विचार करून करून मला एकच नाव सापडलं. मालकांचं.

तुम्ही म्हणाल, आजी, नातवाचा काय दोष? मनातून काढून टाक. त्याचा दोष नाहीच. पण मी मनातून काढून टाकलं तर ते जगातूनच जाईल, आणि त्याच्या जागी फलकावर गुरू-शिष्य उरतील. पुढे कुठल्या तरी पोराला कुणी उन्हात उभं केलं, तर लोक त्याला सांगतील की बाबा, अशानंच माणूस मोठा होतो.

काल मी मालकांच्या नातवांना फोन केला. म्हटलं, "मी येते. बोलते."

"मोठेपणा तुमचा, बाई."

"काय बोलणार ते आधी ऐका," म्हटलं. लपवून करायचं नव्हतं. मी त्यांना तुम्हाला लिहिलं तेवढं सगळं सांगितलं. काठीचं टोक आणि मनगट धरून उचललेला हातसुद्धा.

मग ते म्हणाले, "बाई, समारंभात हे कशाला? आजोबांचं नाव हाय गावात."

"माझ्या वडिलांचंही होतं."

"तसं न्हाई म्हणत मी." आवाज मऊच होता. "तुमचं वय झालंय. प्रवासाची दगदग नका करू. तुमचा मान, शाल-श्रीफळ, आमी घरी आणून देऊ. मैदानाला नाव त्यांचंच राहील, काळजी नका करू."

म्हणजे आता मला बोलावणं नाही.

मी थकले आहे. गुडघे दुखतात, बीडपर्यंतची एसटी अंग मोडून काढते. तुम्ही मला थांबवायला फोन करू नका, तिकीट काढून झालं आहे. व्यासपीठावर मी बसणार नाही आणि शालही घेणार नाही. माइक मला कुणी देणार नाही, तो लागणारही नाही, भरलेल्या वर्गांपुढे मी जन्मभर तशीच बोलले. मी लोकांत उभी राहीन. भाषण शांतपणे ऐकेन. त्यात जिथं "सराव" हा शब्द येईल, तिथं मी बोलायला सुरुवात करीन.