धुरा कोणाचा

गणिताच्या मास्तरकडे कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. आमच्या चिचगडच्या ज्युनियर कॉलेजात येऊन बसा, तासाला एक मिळेल. ऑनलाइन ग्राफिंग कॅल्क्युलेटर आल्यापासून तर आवरेनासे झालेत.

*

परवा तुकड्यांचं फलन घेतलं. x दोनपर्यंत एक सूत्र, पुढे दुसरं. मीच अटी टाकायला विसरलो आणि दोन्ही रेषा पडदाभर धावल्या. मागच्या बाकावरून प्रवीण म्हणाला, "सर, दावं न बांधताच सोडल्या काऊन?"

तेव्हापासून आमच्या वर्गात अटीला दावंच म्हणतात.

*

मग अटी टाकल्या. पहिली रेषा दोनपाशी थांबली, दुसरी तिथूनच, पण बरीच वरून निघाली. मधे रिकामं. पोरं नुसती बघत बसली.

"लिहा की रे!"

"थांबा ना सर, नेटवर्क गेलं. मधली रेषा येऊन राहिली असन."

खरं सांगतो, मीसुद्धा एकदा खिडकीतून टॉवरकडे बघून घेतलं.

*

कल्पनाला इंजिनिअर व्हायचंय. पण पहिल्याच चाचणीत आपटली आणि म्हणाली, "मी गणित सोडून राहिली सर. शनिवारी विषय बदलते."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, शनिवारपर्यंत तरी बस.

शुक्रवारी तेच फलन देऊन तिला कॅल्क्युलेटरवर बसवलं. अटी टाकताना तिने दोन हा आकडा दोन्ही सूत्रांना देऊन टाकला. एक टोक वर, एक खाली.

"एका x ला दोन उत्तरं? दोनचा आकडा एकालाच दे."

"काऊन? दोन बांध्यांमधला धुरा दोघायचा रायते सर. एकाले देला का भांडण."

"हे गणित आहे, दोन शेतांमधला बांध नाही!" मी चिडलोच. ती जाग्यावर गेली. घरी जाताना वाटलं, गेली पोरगी हातची.

*

शनिवारी आली ती दप्तर खांद्यावर ठेवूनच.

"सर, एक डाव पाहू द्या."

दुसऱ्या सूत्राच्या शेवटी तिने + c जोडला, c ची किंमत बदलणारा स्लायडर धरला आणि वरची रेषा हळूहळू खाली आणली. टोक टोकावर येऊन बसलं. दोनचा आकडा अजूनही दोन्ही सूत्रांकडेच होता.

"आता धुरा दोघायचा. भांडण नाही."

मी चूक शोधली. सापडेना.

"अगं, हा तर पुढचा धडा आहे, सातत्याचा."

तिने दप्तर खाली ठेवलं. "मंग घ्या ना सुरू करून."