आयत्या वेळचे विषय

आमच्या केंद्रात सगळ्यात जास्त काम करणारी मुलगी केंद्र सोडून गेली. तिला थांबवता आलं असतं. पत्रकं लिहून लिहून मुद्दा पहिल्याच ओळीत टाकायची सवय लागलीय, म्हणून आधीच सांगितलं.

केंद्र म्हणजे डिलाईल रोडच्या एका चाळीतली तळमजल्याची खोली. पूर्वी तिथे कॅरम चालायचा. दाखले, शिष्यवृत्त्या, तक्रारी सगळं ऑनलाइन झालं आणि ज्याच्या घरात कॉम्प्युटर नाही त्याने काय करायचं, हे कुणी विचारलंच नाही. त्या संतापात आम्ही पाच-सहा जणांनी एक जुना कॉम्प्युटर मिळवला आणि दारावर मी स्वतः रंगवलेली पाटी ठोकली : ‘अर्ज भरून मिळतील. उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून.’ पाटी जोरदार होती. आत सगळी बोंब होती.

ब्राउझर उघडला की इतके टॅब, की एकाचंही नाव वाचता यायचं नाही. अर्ध्याहून जास्त माझे. बातम्या, अहवाल, भाषणांचे व्हिडिओ, सगळं ‘नंतर वाचू’ म्हणून उघडं ठेवलेलं. त्यातच कुठेतरी कुणाचा तरी अर्धवट भरलेला अर्ज. डाउनलोडमध्ये ‘रेशन नवीन’, ‘रेशन नवीन फायनल’, ‘रेशन हेच खरं’. वरच्या मजल्यावरच्या एक मावशी नातीच्या शिष्यवृत्तीसाठी खेपा घालत होत्या. ओटीपी जायचा त्यांच्या मुलाच्या फोनवर, मुलगा शीवला कामावर. तो फोन उचलेपर्यंत साइट आम्हाला बाहेर फेकून द्यायची. मग आम्ही म्हणायचो, “मावशी, उद्या या.”

सोडून गेलेली ती मुलगी आमच्याच चाळीतली. बी.कॉम. संपवून नोकरी शोधत होती, तोवर केंद्रात येऊ लागली. एकदा माझ्या मागे उभी राहून स्क्रीन बघत होती.

“काय नेते, हे सगळं वाचणार कधी?”

“वाचेन गं. वेळ मिळाला की.”

“या जन्मात तर दिसत नाही. आणि पुढचा जन्म तू मानत नाहीस. बंद करू?”

सगळे खो खो हसले. तिने करूनही टाकले बंद. मला राग आला. पण त्यातल्या एकाही टॅबची नंतर आठवण झाली नाही, हेही खरं.

मग तिने सगळं हातात घेतलं. ब्राउझरमध्ये दोन प्रोफाइल केली, एक आमच्या प्रचाराचं आणि एक फक्त अर्जांचं. अर्जांच्या प्रोफाइलमध्ये व्हॉट्सॲप उघडायचं नाही. टॅबचे गट केले. शिष्यवृत्ती हिरवी, दाखले पिवळे, तक्रारी लाल. रोज लागणाऱ्या साइट डाव्या कोपऱ्यात पिन करून टाकल्या. प्रत्येक घराचं ड्राइव्हवर एक फोल्डर. एका वेळी एकाच माणसाचा अर्ज उघडा, तो संपल्याशिवाय दुसरा नाही. आणि सगळ्यांचं मिळून एक कॅलेंडर, ज्यात तिने ओटीपीवाले सगळे अर्ज रविवारी सकाळी टाकले. कारण रविवारी फोनवाला माणूस घरी असतो. एवढी साधी गोष्ट! आम्ही व्यवस्थेला शिव्या घालत बसलो होतो आणि ही कुणाला कधी सुट्टी असते ते विचारत जिने चढत होती. मावशींचा अर्ज पहिल्याच रविवारी गेला. मुलाने वरच्या गॅलरीतून ओटीपी ओरडून सांगितला, अख्ख्या चाळीने ऐकला.

मी काय म्हणालो? म्हणालो, “चळवळ म्हणजे कॉल सेंटर नाही.”

“कॉल सेंटरवाले निदान तक्रार नंबर देतात,” ती म्हणाली. “तू फक्त ‘उद्या या’ देतोस.”

तिची मागणी एकच होती. ही सगळी मांडणी तिच्या एकटीच्या डोक्यात राहू नये, प्रत्येकाने आठवड्यातून एक दिवस कॉम्प्युटरवर बसावं. बैठकीत हा विषय घ्या, म्हणाली. घेतला की! कुठे घेतला, तर ‘आयत्या वेळचे विषय’ या मथळ्याखाली, शेवटी. ज्यांनी अशा बैठका केल्यात त्यांना माहीत आहे की तिथवर कुणी पोचत नाही. एका बैठकीत पत्रकात ‘निषेध’ लिहायचं की ‘तीव्र निषेध’ यावर आम्ही इतके भांडलो की चहा दोनदा मागवावा लागला. शेवटी अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. “ताई, तुमचं पुढच्या वेळी घेऊ.” ती म्हणाली, “चालेल.” त्याच्या पुढच्या वेळीही तेच. भाषण म्हणजे काम, मोर्चा म्हणजे काम, पत्रक तर कामच काम. टॅब लावणं म्हणजे पोरींची आवराआवर. हे आम्ही बोललो नाही कधी. समतेची पत्रकं छापणारे असं बोलत नाहीत, फक्त वागतात.

नंतर ती प्रत्येक फोल्डरला साध्या मराठीत नाव देऊ लागली, काय कुठे आहे ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या चिकटवू लागली. आम्ही खूश. काय टापटीप आहे पोरगी! माणूस आपल्यावाचून चालेल अशी तयारी करतोय म्हणजे तो निघालाय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मग एका रविवारी शेवटचा माणूस गेल्यावर तिने सांगितलं, लोअर परळच्या एका कंपनीत नोकरी लागलीय, पुढच्या महिन्यापासून येणार नाही.

मी फटकन बोललो, “विकली गेलीस म्हणजे.”

“तुझे आजोबा गिरणीत पगारावर होते ना? ते पण विकले गेले होते का रे?”

तिने केंद्राची किल्ली टेबलावर ठेवली.

महिना-दीड महिन्यात हिरव्या गटात लाल शिरलं, पिवळ्यात माझ्या बातम्या. कॅलेंडर कुणी उघडेना. लोक दारातूनच विचारतात, ताई आहे का? नाही म्हटलं की कागद पिशवीतून बाहेरसुद्धा काढत नाहीत.

चाळीत सगळ्यांसमोर विचारायची लाज वाटली, म्हणून परवा तिच्या ऑफिसच्या खाली जाऊन थांबलो. गळ्यात कार्ड घालून ती वडापाव खायला बाहेर आली होती. तिकडेही तेच करते, म्हणाली, लोकांच्या कामाची मांडणी. तिकडे त्याला हुद्दा आहे. मी सरळ विचारलं, रविवारी तरी येशील का? आमचं चुकलं. तू म्हणशील तसं बसू आम्ही.

“बोलवायला आलास, बरं वाटलं,” ती म्हणाली. “पण नाही रे येणार.”

आवाजात जराही राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, भांडून तिला आणलंही असतं कदाचित. तिने वडापावचा कागद चुरगाळून डब्यात टाकला, “घरच्यांना विचारलंय सांग,” लांब राहणाऱ्याला सांगावं तसं म्हणाली आणि काचेच्या दारातून आत गेली.