डीबगरचा चार्ज

नवऱ्याच्या हवाई दलातल्या बदलीची ऑर्डर आली आणि माझी सहावी नोकरी धोक्यात आली. आधीच्या पाच अशाच बदल्यांनी खाल्ल्या होत्या. गोमती नगरच्या ऑफिसात मात्र साहेब म्हणाले, "मैडम, ये डीबगर वाला काम निपटा दीजिए, फिर घर से काम करने की बात करते हैं." मी लगेच विश्वास ठेवला. इतक्या नोकऱ्या करूनही अक्कल आली नाही ती नाहीच.

काम दिसायला किरकोळ होतं. आमचा प्रोग्राम आंबे निवडणाऱ्या यंत्राचा. यंत्र हलवणारा मुख्य भाग कंपाइल केलेला, पक्का. पण कुठला दशहरी आंबा कुठल्या पेटीत जाणार याचे नियम प्रत्येक व्यापाऱ्याचे वेगळे आणि रोज बदलणारे. म्हणून ते नियम एकेक ओळ वाचून पाळणारा छोटा इंटरप्रिटर आम्ही प्रोग्रामच्या पोटात बसवला होता. नियम चुकला की चांगला आंबा टाकाऊत जायचा, आणि कुठल्या ओळीने घात केला ते कळायचं नाही. आता मुख्य प्रोग्राममधूनच इंटरप्रिटरच्या डीबगरला, म्हणजे त्यातल्या चुका शोधणाऱ्या भागाला, हुकूम देता यायला हवे होते: या ओळीवर थांब, हा आकडा दाखव, पुढे चल.

"थांब" दोन दिवसांत जमलं. नियम बरोबर सातव्या ओळीवर थांबला, आणि मी खुशीत "पुढे चल"चं बटण दाबलं. ढिम्म! बटण मुख्य प्रोग्रामचं, मुख्य प्रोग्राम नियम संपायची वाट बघत बसलेला, आणि नियम बटणाची. किल्ली आत ठेवून दार ओढून घ्यावं तसं झालं होतं. साहेब मागून जाताना विचारायचे, "फिर हैंग हो गया?" अहो हँग नाही, मी थांबवलाय! दिवसातून चारदा हे सांगून माझं डोकं उठलं. घरी सामान बांधायचं पडलं होतं. नवऱ्याने नुसतं "झालं का?" विचारलं तरी मी खेकसायचे.

आठवड्याने उत्तर सापडलं ते इतकं सोपं निघालं की त्याचाच जास्त राग आला. नियम थांबलेला असताना डीबगरनेच अधूनमधून बटणांकडे बघत राहायचं, बस्स. तेवढं लिहिलं आणि आठवी ओळ सुटली. मी खुर्चीतच टाळी वाजवली.

इथेच गप्प बसायला हवं होतं. पण आम्हा फौजींच्या बायकांना एक खोड असते. क्वार्टर सोडताना नळांपासून पडद्यांच्या दांड्यांपर्यंत यादी करून चार्ज द्यायचा, पुढच्या माणसाला काही विचारावं लागता कामा नये. त्याच सवयीने मी दोन पानं लिहून काढली. कुठला हुकूम कधी द्यायचा, कुठे अडेल, अडलं तर काय करायचं, सगळं. कुणी मागितली नव्हती.

साहेबांनी डेमो पाहिला, पानं वाचली आणि अगदी मनापासून खूश झाले.

"इतना साफ लिखा है मैडम, अब तो कोई भी चला लेगा. वहाँ जाने के बाद आपको परेशान नहीं करेंगे."

परेशान करा ना, त्यासाठीच तर मरत होते मी! अगदी ओठांवर आलं होतं. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणारी माझ्यासारखी दुसरी नसेल. मी "थँक यू सर" म्हणाले आणि दोन्ही पानं त्यांच्या फाइलला नीट लावून दिली.