दाराशी ठेवलेलं ताट

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले नवस, अंगारे, उतारे सगळे सुटले आणि त्यांच्याबरोबर भुतंखेतंही गेली. त्यात मी नांदेडला एका क्लासमध्ये वर्षानुवर्षं बायोलॉजी शिकवलेली... म्हणजे मेंदू कुठे कसा फसतो हे पोरांना फळ्यावर चित्र काढून समजावणारी. या सदरातले अनुभव मी दादाला फॉरवर्ड करायचे आणि खाली हसण्याच्या स्मायल्या टाकायचे. आता माझ्यावर कुणी टाकल्या तर तक्रार करणार नाही.

आणि हो — भीती मला वाटली ती थोडा वेळच. लाज मात्र अजून वाटते. भुताची गोष्ट सांगताना लाज कसली, असं वाटेल तुम्हाला. वाचा.

मागच्या दिवाळीनंतर मी क्लास सोडला. कुणी काढलं नाही, भांडण नाही, लग्न ठरलं नाही... हे तिन्ही प्रश्न मला अख्ख्या गावाने विचारून झालेत. नीटच्या बॅचेस सकाळी सहाला सुरू व्हायच्या, घसा रोज संध्याकाळी बसायचा, आणि एक दिवस हृदयाचे कप्पे शिकवता शिकवता मला पुढचं वाक्यच आठवेना. पोरं वाट बघत होती आणि मी खडू धरून उभी. त्याच आठवड्यात ठरवलं, बास. सहा महिने ब्रेक. आराम करायचा, आपण कोण आहोत ते शोधायचं. मोबाईलवर असल्या ब्रेकचे व्हिडिओ बघून बघून माझी भाषासुद्धा बदलली होती. 'स्पेस', 'हीलिंग', 'स्वतःसाठी वेळ'. नांदेडची खोली सोडली आणि आईकडे चाकूरला आले.

आमचं घर बसस्टँडपासून चालत जाण्याएवढं. पुढे हॉल, बाजूला स्वयंपाकघर, आणि आत माझी खोली. तिला लागून दादाने गेल्याच वर्षी संडास-बाथरूम बांधून दिलं. घरात आई एकटी. वडील गेल्यावर आईने जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवून आम्हा दोघांना शिकवलं. आता तिचं ते काम सुटलं, पण सवय सुटली नाही. पाच माणसांचा स्वयंपाक करते आणि उरलेला शेजारच्या नूरचाचीला नेऊन देते.

मी आले तेव्हा आई सगळ्यांना सांगत सुटली, "लेक दमली माझी, आराम करायला आलीय." कुणी कुचकट बोललं की तिथल्या तिथे झाडायची, "तुमच्या घरी मागायला आली का?" मला मात्र एकदा हळूच म्हणाली, "सुजा, ते आराम कसा करत्यात, मलाबी शिकीव की." मी हसले. तिला वाटलं मी शिकवणार.

डिसेंबरात मी मौन धरायचं ठरवलं. बोलायचं नाही, फोन बंद करून कपाटात, वाचायचं नाही, कुणाच्या डोळ्यात बघायचं नाही, नजर खाली. खरं तर हे शिबिरात करायचं असतं, नियमाने, शिकवणाऱ्याच्या देखरेखीत. मी म्हटलं, शिबिरात कशाला, घरीच करू. मग आईला नियम सांगितले. जेवण दाराशी ठेवायचं. हाक मारायची नाही. चहा चारला, तोही दाराशी.

"अगं बया! तुरुंगातबी बोलत्यात माणसं," आई म्हणाली. मग म्हणाली, "ते बुधवारी माझ्या डोळ्याचं हाय, लातूरला. मोतीबिंदूचं. दादा नांदेडहून परस्पर दवाखान्यात येणार हाय. मी इथून येष्टीनं जाईन. तू आली असतीस सोबत तर..."

मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. "आई, प्लीज. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःसाठी काहीतरी करून राहिलेय."

"बरं बरं. बस तू," ती म्हणाली. आणि खरंच, तिने नियम माझ्यापेक्षा चांगले पाळले.

पहिले काही दिवस जड गेले, मग छान वाटायला लागलं. वार कुठला हे विसरले. तेच तर हवं होतं! मी चटईवर बसलेली असायची, दार अर्धं उघडं. आई यायची, ताट ठेवायची. खाली घातलेल्या नजरेला तिचे पाय दिसायचे, लुगड्याचा काठ दिसायचा. ती क्षणभर उभी राहायची, मग जायची.

एका सकाळी दाराबाहेरून ती काहीतरी बोलली. मला तेव्हा राग आला होता, तेवढं पक्कं आठवतंय. मी डोळे मिटून होते आणि आवाजाकडे नुसता आवाज म्हणून बघायचं, अर्थ लावायचा नाही, असं मौनाच्या एका व्हिडिओत शिकवलं होतं. मी हात वर केला. म्हणजे, ऐकलं, जा आता.

त्या दुपारी ताट आलं. ज्वारीची गरम भाकरी आणि करडीची पालेभाजी, लसूण जळेपर्यंत दिलेली फोडणी. चारला चहा आला. संध्याकाळी परत ताट. दुसऱ्या दिवशीही तसंच. स्वयंपाकघरातून भाकरी थापायचा आवाज येत होता, भांडी वाजत होती. मला काही वेगळं वाटलं नाही. वाटायचं कारणच काय? जेवण येतंय म्हणजे आई आहे. माझ्या डोक्यातलं गणित इतकं सरळ होतं.

एकच गोष्ट जरा खटकली होती. ताट ठेवल्यावर ते पाय जात नव्हते. आई क्षणभर उभी राहायची, हे बराच वेळ उभे असायचे. दुसऱ्या दुपारी तर मी पहिला घास घेतला तरी तिथेच. मला वाटलं, आईला काहीतरी बोलायचंय, आता ही माझं मौन मोडणार. मी चिडले. वर न बघता हाताने खूण केली. आपण दाराशी आलेल्या कुत्र्याला हाकलतो ना, तशी. पाय वळले आणि गेले.

त्याच्या पुढच्या दिवशी, चहा नुकताच पिऊन झाला होता, बाहेर गाडी थांबली. दादाचा आवाज ऐकू आला, मोठ्याने. दादा चाकूरला? मी मौनबिन विसरून हॉलमध्ये आले. दादाच्या हाताला धरून आई उंबरा चढत होती. डोळ्यांना काळा चष्मा, एका डोळ्यावर पट्टी, हातात कपड्यांची पिशवी.

"फोन कामून बंद ठेवलीस?" दादा माझ्यावर तुटूनच पडला. "आईची शुगर वाढली, ऑपरेशन पुढं ढकललं, ठेवून घेतलं तिला, आज सकाळी झालं कुठं. रात्रंदिवस तुला फोन लावून राहिलोय मी! एक बाई नाही तिच्याजवळ. मी बायकांच्या वॉर्डाबाहेर बाकड्यावर बसलेलो!"

आई त्याला गप्प करत होती. "ऱ्हाऊ दे रे. तिचं मौन हाय." आणि मला म्हणाली, "शिळंच खाल्लंस ना दोन दिवस? मी म्हनलं, एका दिवसात येईन, म्हणून तेवढ्याच भाकरी थापून ठेवल्या. पुरल्या का?"

मला काही कळेना. मी म्हणाले, "कुठल्या भाकरी?"

"टोपल्यात. दारातून सांगितलं की तुला. तू हात केलास."

ती चाचपडत स्वयंपाकघरात गेली, मी मागोमाग. टोपलं ओट्यावरच होतं. फडकं सोडलं. आत भाकरी होत्या, कडक होऊन कडा वर वळलेल्या. एकही मोडलेली नाही. शेजारी वाटीत शेंगदाण्याची चटणी, झाकलेली तशीच.

"मग तू खाल्लंस काय?" आईने विचारलं.

"तू दिलंस तेच. करडीची भाजी..."

"करडी नव्हती घरात. मी घरात नव्हते, सुजा."

आता मात्र मी टोपल्यापासून दोन पावलं मागे सरले. दादा आधी हसला, मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. चहाचं पातेलं अजून कोमट होतं. ताट-वाट्या घासून पालथ्या घातलेल्या. पिठाचा डबा आईने उघडून बघितला, पीठ कमी झालं होतं. माझ्या खोलीत चहाचा पेला होता, तळाशी घोटभर चहा, बाकीचा मी स्वतः आताच प्यायले होते.

दादा म्हणाला, तूच केलं असशील आणि विसरली असशील. अहो, मला भाकरी येत नाही! परातीतून उचलली की तिचे दोन तुकडे होतात, सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. मग तो म्हणाला, नूरचाचीने दिलं असेल. तेवढ्यात चाचीच आली, आईची पट्टी बघून दारातच थबकली.

"अगे, ये कब हुआ? कल तो तू पीछे मोरीपे भांडे घास रही थी," ती म्हणाली. "मैंने भिंतीपरसे आवाज दी, तू पलटीच नै. मेरेकू लगा, गुस्सा है क्या."

"मी काल लातूरला होते, नूर."

"तेरा लुगडा, तेरी पाठ. झूट कायकू बोलूँ मैं?" चाची म्हणाली. ताटं मात्र तिने दिलेली नव्हती. तिने शपथ घेतली आणि मला तिच्यावर संशय नाही.

तुम्ही म्हणाल, मेंदू फसला. मीही तेच म्हणत आले. एकटेपणा, मौन, भास. पण भासाने पोट भरत नाही, आणि माझं भरलं होतं. भासाने पीठ कमी होत नाही. चाचीने तर कुठलंही मौन धरलेलं नव्हतं, ती झोपेतसुद्धा बोलते.

मी ही गोष्ट आजवर सांगितली ती अगदी थोड्यांना, आणि प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो. कोण होतं? दिसायला कसं होतं? इथेच माझी मान खाली जाते. कारण मला माहीत नाही. माझ्यापासून हातभर अंतरावर कुणीतरी येऊन उभं राहत होतं, तेही परत परत, आणि मी एकदाही वर बघितलं नाही. पाय तर बघितले होते ना? बघितले. म्हणून त्या संध्याकाळी आईला खाटेवर निजवल्यावर मी तिच्या पायांशी बसले. भेगा पडलेल्या टाचा, अंगठ्याचं काळं पडलेलं नख, घोट्यावर भाजल्याचा जुना डाग. खिचडीचा असेल. मी खूप वेळ बघत राहिले. तेच पाय होते की दुसरे, मला सांगता येईना. आईचे पाय मी ओळखत नव्हते.

मला तिथेच रडू फुटलं. आईने हात पुढे करून माझं डोकं शोधलं. "घाबरलीस का? आता आले ना मी."

मी तिला सगळं सांगितलं. ते पाय बराच वेळ थांबायचे, मी हाताने हाकललं, तेही सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल, निदान बुद्धवंदना तरी म्हणेल. भुताचं तिला काही वाटलंच नाही. तिने विचारलं,

"मी घरात न्हाई, हे तुला कळलंच न्हाई का गं?"

मी तिच्या पायांवर गोधडी ओढली.

मग तीच म्हणाली, "थांबली असंल बिचारी, जे कोन असंल ते. वर बघशील म्हणून. मीबी थांबायची."

तिने ते चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी साधं बोलली, पीठ संपलं म्हणून सांगावं तसं.

त्यानंतर घरात तसं काही घडलं नाही. दादाने दाराला नवी कडी लावली. चाची हल्ली आईला भिंतीवरून हाक मारत नाही, समोर येऊन तोंड बघून मगच बोलते. माझं मौन तिथेच संपलं, ब्रेक अजून चालू आहे. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी आईसोबत लातूरला गेले, बायकांच्या वॉर्डात तिच्या खाटेशेजारी खाली सतरंजी टाकून झोपले. स्वतःचा शोध लागला का, असं मैत्रिणी विचारतात. लागला म्हणायचा. कुणाला सांगण्यासारखा नाही.

ते कोण होतं, का आलं, करडीची भाजी कुठून आणली... माझ्याकडे उत्तर नाही. विज्ञानाकडे असेल तर मला जरूर कळवा, मी मनापासून वाचेन.

आता आई बरी आहे, दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं तिला. चहा मीच करते म्हटलं तरी ऐकत नाही. चार वाजले की पेला घेऊन माझ्या दारात येते, आणि मी हातातलं काम सोडून मान वर करेपर्यंत पेला खाली ठेवत नाही.

"बग," म्हणते, "मीच हाय."

तिला ती गंमत वाटते. रोज म्हणते.